वरचा सेन्सर, पांढरी भुकटी आणि माझीच करणी

इंजिनाचा पिवळा दिवा लागला तरी गाडी पळत होती, म्हणून तीन आठवडे मी डोळेझाक केली. मग ॲव्हरेज घसरलं आणि उभ्या गाडीत इंजिन दम लागल्यासारखं वरखाली होऊ लागलं, तेव्हा कुठे स्कॅनर काढला. कोड निघाला पी०१३३: बँक १, सेन्सर १, प्रतिसाद मंद. बँक १ म्हणजे पहिला सिलिंडर ज्या बाजूला ती बाजू (माझे चारही एका रांगेत, त्यामुळे बँक एकच), आणि सेन्सर १ म्हणजे कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीचा, म्हणजे वरचा, ऑक्सिजन सेन्सर.

कोड दिसला की सेन्सर मागवायचा, ही सवय मला फार महागात पडलेली आहे. ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहून हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ की दाट ते सांगणारा) मुळात चहाडखोर. तो तक्रार करतो तेव्हा बऱ्याचदा तक्रार खरी असते आणि दोष भलत्याचा असतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचा) गॅस्केट फुटला असेल, तर एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणात बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, तो 'मिश्रण पातळ आहे' म्हणतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) बिचारा पेट्रोल वाढवत बसतो. म्हणून गार इंजिन सुरू करून सगळे जोड पाहिले. फटफट आवाज नाही, काजळीचा डाग नाही. लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये कायमची केलेली वाढ-घट) अधिक ४ टक्के. दहाच्या आत असेल तर मी त्याकडे लक्ष देत नाही.

मग हीटर. सेन्सरच्या टोकाची झिर्कोनियाची टोपी तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलतच नाही, म्हणून आत हीटर असतो. प्लग सोडून दोन एकसारख्या रंगाच्या वायरींमध्ये मीटर लावला: ६ ओहम. वायर तुटलेली नाही. हार्नेसच्या (गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या) बाजूला बॅटरीचा व्होल्टेजही येतोय. हीटर मेला असता तर बहुधा पी०१३५ आला असता, तरी हे मोजायला दोनच मिनिटं लागतात.

खरी मजा सिग्नलची. इथे एक चूक मी पूर्वी केलेली आहे: साध्या मल्टिमीटरवर बघत बसलो होतो. चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट असा सारखा झुलत असतो आणि मीटर त्याची सरासरी दाखवतो, साधारण ०.४५. आळशी सेन्सरही सरासरी तेवढीच देतो! आकडा बघून मी खूश, सेन्सर मात्र अर्धमेला. या वेळी छोटा ऑसिलोस्कोप लावला. प्लग जोडलेलाच ठेवून सिग्नलच्या वायरीत मागून टाचणी सरकवली, इंजिन तापू दिलं, २५०० आरपीएमवर धरलं. लाट उभी चढायला हवी, इथे घाटातला ट्रक चढत होता. पातळकडून दाटकडे जायला जवळपास ३५० मिलिसेकंद. निरोगी सेन्सर १०० च्या आत जातो. ॲक्सिलरेटरला झटका दिला तरी पट्ठ्या सावकाशच. आता मात्र निकाल लागला.

निवड करताना जास्त वेळ गेला. युनिव्हर्सल सेन्सर स्वस्त असतात, पण जुना प्लग कापून वायरी जोडाव्या लागतात आणि रंगांचा गोंधळ असतो. बॉशच्या चार वायरींत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी ग्राउंडची. डेन्सोत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी ग्राउंडची. म्हणजे 'काळी म्हणजे सिग्नल' हे पाठ करून बसलेला माणूस डेन्सोत हमखास फसणार. त्यातून बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच मिळते. तिथे सोल्डर ओतलं की नाक दाबल्यासारखं. प्लगमध्ये ग्रीस भरू नये, तेही याचमुळे. पाच वायरींचा वाइडबँड तर वेगळीच जात आहे, तो याच्या जागी चालतच नाही. मी जुन्याच्या अंगावरचा पार्ट नंबर घासून वाचला आणि तयार प्लगवाला मागवला.

आला तो मागचा, कॅटनंतरचा! आटे दोन्हींचे सारखेच, एम१८ गुणिले १.५, त्यामुळे बसला असता बिनबोभाट. वायर वीतभर लांब दिसली म्हणून संशय आला. प्लगची खाचही उलटी. परत पाठवला, आठवडा गेला.

काढणं. रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं, म्हणजे धातू कोमट होतो आणि आटे सैल पडतात. (हातमोजे घाला. मी नंतर घातले.) वायरीसाठी खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट लावला, तर तो जोर दिल्यावर त्या खाचेतूनच फाकायला लागला. षटकोन गोल व्हायच्या आत थांबलो. जुना सेन्सर टाकायचाच होता, म्हणून वायर कापली आणि बंद रिंग पाना घातला. एक 'कट्ट', आणि सुटला.

टोकावर पांढरी खडूसारखी भुकटी. काळी काजळी असती तर मिश्रण दाट म्हणालो असतो. पांढरी बघून पोटात गोळा आला, कारण पांढरी म्हणजे सिलिका, आणि ते कुठून आलं हे मला ठाऊक होतं. सहा महिन्यांपूर्वी व्हॉल्व्ह कव्हरची गळती मी घरातल्या साध्या सिलिकॉनने बुजवली होती, तेच ज्याला वाळताना व्हिनेगरचा वास येतो. त्याच्या वाफा पीसीव्हीमार्गे (इंजिनातल्या वाफा परत आत ओढणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये, तिथून सिलिंडरमध्ये जळून सेन्सरच्या टोकावर. गळती मी थांबवली आणि सेन्सरचा गळा दाबला.

बसवणं सोपं. नव्याच्या आट्यांना जाम न होण्याचं मलम कारखान्यातूनच लावलेलं होतं, वर आणखी थापलं नाही. टोकाला तर बोटही लावलं नाही. हाताने पूर्ण आत फिरवला, मग टॉर्क पान्याने ४० न्यूटन मीटर. वायर पिळली जात नाही ना आणि गरम पाइपापासून दूर आहे ना, ते पाहिलं. कोड पुसला.

स्कोपवर आता ७० ते ८० मिलिसेकंद. लाट बघत मी विनाकारण दहा मिनिटं पेट्रोल जाळलं. उभ्या गाडीतलं वरखाली होणं बंद. ॲव्हरेजबद्दल दोन टाक्या संपल्यावर लिहीन, एका टाकीवर बोलण्यात अर्थ नाही.

कव्हर एका कोपऱ्यात अजून पाझरतंय. पुढच्या शनिवारी उघडून जुना लगदा खरवडणार, नवा गॅस्केट आणि कोपऱ्यांना सेन्सरला चालणारा सीलंट. उरलेली अर्धी ट्यूब न्हाणीघराच्या फटीत जाईल.