बाईंची पेटी आणि माझा पत्रा

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून समितीचा फोन आला, मी लगेच हो म्हटलं, विषय विचारलाही नाही कारण माझ्याकडे विषय एकच आहे. संगीताच्या बाई. नाव लिहीत नाही, बाकी सगळ्या शिक्षिकांना आपण आडनाव लावायचो, नुसत्या 'बाई' म्हणजे त्याच. गणिताच्या सरांचेही उपकार आहेत, पण त्यांच्यावर दुसरं कोणीतरी लिहीलच.

मी आठवीत गेलो ते १९८२ साल, गिरणी संपाचं. जानेवारीत संप सुरू झालेला, वर्गातल्या कितीतरी पोरांचे वडील घरी बसून, आमच्याकडे आई डबे करून द्यायला लागली होती. त्यात गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांचे, प्रारंभिक आणि प्रवेशिकेचे, फॉर्म आले. फी कोण आणणार? बाईंनी फॉर्म भरून टाकले आणि पैशाचं नाव पुन्हा काढलं नाही. लालबाग-परळच्या पोरांना संगीत काय नवीन होतं, चाळीचाळीत भजनी मंडळं, बापाच्या मांडीवर बसून पखवाजावर हात मारलेली पोरं आम्ही, पण शाळेत ते कधी कोणी विचारलंच नव्हतं. बाईंनी विचारलं. इंग्रजीत कायम नापास होणाऱ्या एकाला ढोलकी येते हे त्या दिवशी कळलं आणि त्याची वर्गातली जागाच बदलली.

माझी मात्र त्याच वर्षी वाट लागली. आवाज फुटला. सातवीपर्यंत काळी चारला, म्हणजे उंच पट्टीत, आरामात गाणारा मी, समूहगीताच्या तालमीत वरचा सा लावायला गेलो तर कोंबडा आरवल्यासारखा आवाज, सगळा वर्ग हसायला लागला. बाईंनी पेटीचा भाता थांबवला, पट्टी उतरवून उतरवून बघितली, कुठेच बसेना, मग म्हणाल्या, "घसा वर्षभर गप्प ठेव, हात चालू ठेव." आणि मला नाटकाच्या विंगेत उभं केलं.

नाटकात वादळाचा प्रवेश होता. शाळेचा टेपरेकॉर्डर ऑफिसात कुलपात, तो मिळायची आशा नव्हती. बाईंनी कुठूनतरी एक लांब पातळ पत्रा पैदा केला, वरून धरून हलवला की गडगडाट. सुपात वाटाणे घोळवले की पाऊस, हळू घोळवले की रिमझिम. तालमीत रोज एकच सांगणं, वाक्य संपायची वाट बघू नकोस, नटाचा श्वास ऐक आणि पत्रा हलव. गॅदरिंग परळच्या दामोदर नाट्यगृहात होतं. माझा गडगडाट असा काही घुमला की पुढच्या रांगेतली पहिलीची पोरं भोकाड पसरून रडायला लागली, मुख्याध्यापक उठून उभे राहिले, आणि बाई विंगेत तोंडाला पदर लावून हसतायत! बक्षीस काही मिळालं नाही, पत्रा हलवणाऱ्याला कोण देतंय.

नंतर एकदा त्यांनी आम्हाला दादरच्या छबिलदास शाळेत 'आविष्कार' या नाट्यसंस्थेचं नाटक बघायला नेलं. नाटक फारसं कळलं नाही. अभिनेत्री सुलभा देशपांडे छबिलदासमध्येच शिक्षिका होत्या, असं बाईंनी येताना सांगितलं. त्यात एवढं सांगण्यासारखं काय, तेव्हा वाटलं होतं.

आज मी नाटकांचा साउंड करतो. शिवाजी मंदिर, रवींद्र, दीनानाथ, सगळीकडचे बूथ पाठ आहेत, लॅपटॉपमध्ये शेकडो पाऊस आहेत, पण बोट अजून नटाच्या श्वासावरच दाबलं जातं.

मध्ये पुतणीच्या गॅदरिंगला आलो होतो. खरं सांगू का, वाईट वाटलं. बाहेरून आणलेला कोरिओग्राफर, सगळे डान्स ट्रॅकवर, एक पोरगं स्वतःच्या गळ्याने गायलं नाही. संगीताचा तास वेळापत्रकात आहे पण त्यात म्हणे विज्ञानाचा पोर्शन पूर्ण करतात. आता शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे दहावीला वाढीव मार्क मिळतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं तरी बाई बसवायच्या, आणि आता मार्क आहेत तर पेटी कपाटात. दामोदरही २०२३ला पुनर्विकासासाठी बंद झालं, ते एक वेगळंच दुखणं.

मुख्याध्यापकांना सांगून ठेवलंय, शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास मी येतो, मानधन नको. पेटीच्या दुरुस्तीचा खर्च ८५ची बॅच करेल. बॅचला हे इथेच वाचून कळणार आहे, तरी कृपया कोणी फोन बंद करून बसू नये.