रात्रीची राणी, तिसरा आठवडा: चेहरा मोडून पुन्हा केला

फलक निम्मा वाळलाय. नख टेकवलं तर खूण उमटते, पण दाबलं तरी आकार ढळत नाही. कोरायला हेच दोन-तीन दिवस.

नव्यांसाठी: ‘रात्रीची राणी’ म्हणजे पंख असलेल्या देवीचा फलक; मूळ फलक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. भाजलेली माती, उंची ४९.५ सेंमी, रुंदी ३७, इसवी सनापूर्वी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं बॅबिलोनियन काम. मी निम्म्या मापाचा करतेय. माती वाळताना, भाजताना आक्रसते, म्हणून कच्चा फलक २७ सेंमी धरला. मुळातल्या मातीत पेंढा आहे. पहिल्या खेपेला मी तो घातला नाही आणि पंखापासून गुडघ्यापर्यंत तडा गेला. या वेळी बारीक कातरून मळला. अजून तरी तडा नाही.

पंखांत दोन संध्याकाळी गेल्या. वर खवल्यांसारखी पिसं, खाली लांब. मोजलीत का कधी? एका पंखाला आठ लांब पिसं, दुसऱ्याला सात! मी तशीच ठेवली.

आता चेहरा. ही प्रेमाची आणि युद्धाची देवी इश्तार की पाताळाची राणी एरेश्किगाल, हा वाद जुनाच. पायाखालचे सिंह इश्तारचे, हे मान्य. पण खाली झुकलेले पंख, दोन्ही बाजूंची घुबडं आणि मुळात काळी रंगवलेली पार्श्वभूमी पाहिली की माझं मन एरेश्किगालकडेच जातं. म्हणून आधी ओठ घट्ट मिटलेले, रागीट केले होते. मग इनान्नाच्या (इश्तारचंच सुमेरियन नाव) पाताळप्रवासाचं सुमेरियन काव्य पुन्हा वाचलं. इनान्नाचं प्रेत खुंटीला टांगलेलं आहे आणि एरेश्किगाल स्वतः बाळंतवेणा आल्यासारखी विव्हळत पडली आहे. इनान्नाला सोडवायला एन्की देवाने नखांतल्या मळातून घडवलेले दोघे तिच्याजवळ जातात. ती म्हणते, हाय माझं काळीज. तेही म्हणतात, हाय तुमचं काळीज. बस, एवढंच करतात. ती इतकी विरघळते की नदी देऊ करते, पिकलेलं शेत देऊ करते. ते फक्त खुंटीवरचं प्रेत मागतात.

हे वाचल्यावर तो रागीट चेहरा ठेवणं मला जमेना. ओला बोळा फिरवून ओठ मऊ केले, खालचा किंचित सैल सोडला. मुळात डोळे आणि भुवया पोकळ आहेत, बहुधा काही जडवण्यासाठी. मीही खोबण्या कोरल्यात, काय बसवायचं ते ठरलेलं नाही. शंख घासून पाहतेय.

अंगाला गेरू, मागे काळा. पण ते भाजून झाल्यावर.