करवत एका बाजूला का ओढते

सागाच्या फळीत सांध्यासाठी काप घेताना माझी करवत दर वेळी रेषेच्या उजवीकडेच सरकत असे, आणि कित्येक दिवस मी त्याचा दोष मनगटाला देत राहिलो. दोष दातांत होता. करवतीचे दात आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे काप पात्याच्या जाडीहून थोडा रुंद पडतो आणि पाते लाकडात अडकत नाही. मात्र एका बाजूचे दात अधिक वाकलेले असतील, तर करवत त्याच बाजूला ओढते. उजव्या बाजूच्या दातांवरून धारेचा बारीक दगड सपाट धरून हलकेच एकदा फिरवला आणि पुढचा काप सरळ आला. त्या कापाकडे मी बराच वेळ पाहत होतो.

दात घासतानाही हीच काळजी हवी. तंतूंच्या दिशेने चिरायच्या करवतीसाठी तिकोनी कानस पात्याशी ९० अंशांत धरावी, म्हणजे दात पटाशीसारखे होतात. आडव्या कापासाठी ती तिरकी धरून प्रत्येक दाताला सुरीसारखी धार द्यावी. रेषा मी पेन्सिलीऐवजी चाकूने आखतो.