बार्शी लाइटचे पंचेचाळीस सेंटिमीटर

आषाढ शुद्ध नवमी, रात्र

आज माझ्या टेबलावरच्या बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतीचा तिसरा तुकडा दुसऱ्याला जोडून पाहिला आणि इंजिन नेमके सांध्यावर रुळांवरून उतरले. पट्टी लावून तपासले तेव्हा एका बाजूचा रूळ अर्धा मिलिमीटर वर आलेला दिसला. सत्त्याऐंशीपट मोठ्या, खऱ्या रुळांवर हाच फरक चार सेंटिमीटरांहून अधिक भरला असता, तेव्हा गाडी उतरली यात नवल नाही. मिस्त्रींकडून मी उरलेल्या प्लायवूडचे तुकडे स्वस्तात आणले होते, पण त्यांच्या कापलेल्या कडांना रंग देणे पुढे ढकलले आणि पंधरा दिवसांच्या पावसाळी हवेत त्या कडा फुगल्या. आता तिन्ही तुकडे सुकवून, कडा घासून, सहाही बाजूंना ऑइल पेंटचा हात द्यायचा आहे. हे काम वैशाखातच करायला हवे होते.

प्रतिकृतीसाठी मी बार्शी लाइट ही अरुंद रुळांची जुनी रेल्वे निवडली, ती लहानपणी कुर्डुवाडीहून पंढरपूरला याच गाडीने जात असू म्हणून. मात्र ही निवड खिशालाही परवडणारी ठरेल, हे गणित मांडल्यावर कळले. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी 1676 मिलिमीटर आहे. 1:87 या प्रमाणात ती 19 मिलिमीटरांच्या थोडी वर जाते आणि बाजारातला त्या प्रमाणाचा रूळ 16.5 मिलिमीटरांचा असतो, त्यामुळे आपली गाडी त्यावर कायम अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते. बार्शी लाइटचा रूळ 762 मिलिमीटरांचा होता. त्याला 87 ने भागले की 8.76 येतात आणि एन गेज या आणखी लहान प्रमाणाच्या खेळण्यातल्या रेल्वेचा सर्वत्र मिळणारा रूळ 9 मिलिमीटरांचा आहे. पाव मिलिमीटराचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. शिवाय एन गेजच्या मोडक्या इंजिनांचे सांगाडे आणि जुन्या डब्यांची चाके कमी पैशांत मिळतात. त्यांवर लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे डबे बसवता येतात.

तरीही एक तडजोड मनाला लागून राहिली आहे. 1897 साली ही रेल्वे सुरू झाली तेव्हा लीड्सच्या किटसन कंपनीची जी इंजिने आली, त्यांना आठ चालक चाके आणि मागे चार चाके होती. मला मिळालेला सांगाडा सहा चाकांचा आहे. ही रेल्वे आखणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सारा विचारच त्या चाकांमध्ये होता. वजन सर्व आसांवर सारखे वाटायचे, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे रूळ हलका चालतो आणि खर्च आवाक्यात राहतो. काटकसर कुठे करायची आणि कुठे मुळीच करायची नाही, हे त्यांनी आधी ठरवले आणि मग काम हाती घेतले. माझ्या टेबलावरच्या कामालाही मी तोच नियम लावू पाहतो आहे.

तुकड्याची लांबी 45 सेंटिमीटर ठेवली, तिचे कारणही काटकसर हेच आहे. वाकवता येणारा रूळ 914 मिलिमीटर लांबीचा मिळतो. त्याचे बरोबर दोन भाग केले की दोन तुकडे होतात आणि बोटभरही रूळ वाया जात नाही. 45 बाय 30 चा तुकडा कपाटाच्या वरच्या फळीवर मावतो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पुरा होत असल्यामुळे एका महिन्याच्या बचतीत एक तुकडा, असा हिशेब जमतो. कुर्डुवाडी ते बार्शी हे सुमारे 35 किलोमीटर अंतर या प्रमाणात 400 मीटर होईल, म्हणजे जवळपास नऊशे तुकडे. मी सहा करणार आहे: दोन स्थानकाचे, एक ओढ्यावरच्या पुलाचा आणि तीन ज्वारीच्या शेतांचे.

एन गेजच्या रुळाचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, नॅरोगेजसाठी फार दाट असतात, म्हणून खालचे प्लास्टिकचे दुवे कापून एकाआड एक स्लीपर काढले आणि उरलेले समान अंतरावर सरकवले. याला पैसे लागत नाहीत, संध्याकाळचा वेळ लागतो. खडीसाठी चाळलेली वाळू आणि जमिनीसाठी उन्हात कडक वाळवलेला चहाचा चोथा वापरला. चोथा फेविकॉलच्या पाण्यात भिजून सुकला की सोलापूरकडच्या काळ्या मातीचा रंग असा उतरतो, की विकतची पावडर आणण्याची गरजच उरली नाही. बाभळी मात्र अजून जमलेल्या नाहीत. तांब्याच्या तारा पिळून केलेले खोड ठीक दिसते, पण बाभळीचा तो विरळ, पसरट माथा स्पंजाच्या चुऱ्यातून येत नाही.

जिथे पैसे वाचवायचे नाहीत ती जागा म्हणजे सांधा. दोन्ही टोकांच्या पाट्यांना एकाच साच्यातून भोके पाडली आहेत. बोल्ट 6 मिलिमीटरांचे असून भोके 8 ची ठेवली, म्हणजे रूळ समोरासमोर आणायला थोडी मोकळीक राहते. टोकाशी रूळ तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्टीवर डाख देऊन पक्के केले आणि दोन रुळांमध्ये त्या तांब्याला कानसीने खाच पाडली, नाहीतर वीज सरळ एका रुळातून दुसऱ्यात गेली असती. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही रुळांना खालून स्वतंत्र तार दिली आहे, कारण नुसत्या जोडपट्टीवर विसंबले की चार सांध्यांनंतर इंजिन मंदावते. जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय 12 व्होल्ट देतो आणि एक साधा गतिनियंत्रक बाकीचे काम करतो.

रात्री दोन्ही बोल्ट सैल करून, खाली राहिलेल्या बाजूखाली पोस्टकार्डाचा एक तुकडा सरकवला आणि पुन्हा घट्ट केले. इंजिन तीन डबे घेऊन सांध्यावरून दोन्ही दिशांनी गेले. परवा एकादशी आहे. फलाटावर उभे करायचे वारकरी दोन सेंटिमीटरांहून थोडे कमी उंचीचे होतात. त्यांपैकी अकरा कापून ठेवले आहेत, त्यांच्या पताका उद्या रंगवायच्या.