ठाण्याहून वसई किल्ला: छप्पर उडालेली चर्चेस कशी पाहावीत

ठाण्याहून वसईला लोकलने थेट जाता येत नाही, बेत बहुधा इथेच फसतो. रेल्वेने जायचे तर धीम्या लोकलने दिवा आणि तिथून दिवा–वसई रोड गाडी. या गाड्या मोजक्याच आहेत, एक चुकली की अर्धा दिवस गेला. त्यामुळे परतीचीही वेळ आधी बघून ठेवा. वसई रोडला पश्चिमेला उतरून पालिकेची बस किंवा शेअर रिक्षा घ्यायची. गाडी असेल तर घोडबंदर रोड, फाउंटन हॉटेल, मग वर्सोवा पूल. गायमुखचा घाट अवजड वाहनांनी तुंबायच्या आत पार करायचा असेल तर सकाळी साडेसहापर्यंत ठाणे सोडायला हवे. तिसरा मार्ग भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवरून. फेब्रुवारी 2024 पासून रो-रो बोट (वाहने चढवता येणारी) सुरू आहे आणि ती थेट किल्ल्याच्या बंदराकडे सोडते. वेळा बदलत असतात, निघण्याआधी खात्री करून घ्या.

बोटीने गेल्यास पाहण्याचा क्रमही बरा जमतो: बंदराकडचा दरवाजा, सेंट जोसेफ, बालेकिल्ला, जेझुइट चर्च, फ्रान्सिस्कन चर्च (ही दोन्ही नावे ख्रिस्ती धर्मसंघांची) आणि शेवटी जमिनीकडचा दरवाजा. निवांत चालत चार तास धरा.

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली. बालेकिल्ल्याच्या शिलालेखात 1536 साल आणि पहिला कप्तान गार्सिया द सा याचे नाव आहे. शेवटाची सुरुवात मात्र आपल्या ठाण्यातून झाली. 1737 मध्ये मराठ्यांनी आधी ठाण्याचा बांधकाम अर्धवट राहिलेला किल्ला घेतला (आजचे मध्यवर्ती कारागृह तेच), आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई.

आत शिरल्यावर प्रत्येक चर्चमध्ये एक गोष्ट तपासा: भिंतीच्या माथ्याला सारख्या अंतरावर चौकोनी खोबणी आहेत का. ही तुळयांची घरे. लोक बसत त्या लांब दालनावर लाकूड आणि कौले असायची, वेदीवर मात्र दगडी अर्धगोल कमानछत, म्हणजे आडवे पिंप उभे चिरावे तसे छत. वापर थांबला, लाकूड काढून नेले गेले किंवा कुजले, पाऊस आत आला. दालने उघडी पडली. वेदीवरचे छत पुष्कळ ठिकाणी टिकले, कारण त्यात कुजण्यासारखे काही नव्हतेच. त्याचा भार दोन्ही बाजूंना बाहेर ढकलतो, म्हणून तिथल्या भिंती दालनापेक्षा जाड. पाऊल टाकून मोजा, फरक कळतो. त्या छतावर पिंपळ उगवलेला दिसला तर खाली उभे राहू नका. मुळे सांध्यातला चुना फोडतात आणि कमानीतला एक दगड निसटला की शेजारचेही सैल होतात.

सेंट जोसेफ हे किल्ल्याच्या आतल्या पोर्तुगीज शहराचे मुख्य चर्च. 1601 मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा गोव्याचे आर्चबिशप आलेइश द मेनेझिस होते, तसा शिलालेख आहे. मनोऱ्यातला गोल जिना मोह घालतो, पण पायऱ्या झिजलेल्या आणि आत अंधार, चढू नये. मनोऱ्यांत घंटा का नाहीत, याचे उत्तर नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलेले आहे. तिथली क्रूसाची घंटा मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत नेलेली, तिच्यावर 1721 कोरले आहे.

जेझुइट चर्चचा दर्शनी भाग किल्ल्यातला सर्वांत देखणा. खाचा पाडलेले कोरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेले) खांब, गोल कमानीचा दरवाजा, आयएचएस ही येशूच्या नावाची अक्षरे. भिंती ओबडधोबड दगड आणि चुन्याच्या. घडीव काम फक्त चौकटी-खांबांना, आणि म्हणूनच नक्षी टिकली, गिलावा गळला. वसईचा घडीव दगड गोव्यातल्या बॉम जेझू चर्चपर्यंत गेला. आत इझाबेल द अगियार या दानशूर विधवेची 1591 ची थडगेशिळा आहे.

सर्वाधिक वेळ फ्रान्सिस्कन चर्चला ठेवा. जमिनीवर थडग्यांच्या शिळाच शिळा. पोर्तुगीज येत नसले तरी चार शब्दांत काम भागते. ‘सेपुल्तुरा द’ म्हणजे अमक्याचे थडगे, ‘आकी जाझ’ म्हणजे इथे विसावला आहे, ‘फालेसेओ’ म्हणजे वारला, ‘हेर्देइरोस’ म्हणजे वारस. हा शेवटचा शब्द आढळला तर ती जागा पूर्ण कुटुंबाची समजायची. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात अक्षरे सपाट होऊन जातात. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा, नाहीतर टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. खडू फासणे, तेल-पाणी ओतणे, घासणे बिलकूल नको, आणि शिळांवर बूट घालून फोटोसाठी उभे राहणे तर त्याहून नको.

शहरात ‘मिझेरिकॉर्दिया’ ही दयासंस्थाही होती. लिस्बनला 1498 मध्ये स्थापन झालेली, गरिबांचे इस्पितळ आणि बेवारस मृतांचे दफन सांभाळणारी. रुग्णालय आणि चॅपेल शेजारी-शेजारी, अशी तिची रीत, म्हणजे रोग्याला उपचार आणि प्रार्थना एकाच आवारात. इस्पितळ हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगिजांकडूनच उचलला.

माणशी दोन लिटर पाणी, बंद बूट आणि पूर्ण पँट हवी. पावसाळ्यात गवत गुडघाभर, शेवाळ निसरडे, सापही असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रविवारी प्री-वेडिंगवाल्यांची झुंबड, तेव्हा मधला वार पाहा. तिवई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. किल्लाबंदर कोळीवाड्यात वाळत घातलेल्या मासळीच्या मांडवांतून गाडी घालू नका, चालत जा. जेवण वसई गावात उरका.