पट्टा कापायला नेमकं काय घ्यावं?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमी एकाच वळणाचा असतो: चामड्याचे कमरेचे पट्टे, बॅगांचे बंद घरीच करायचे आहेत, तर कापायला लाकडी स्ट्रॅप कटर घ्यावा, पिस्तुलासारख्या मुठीचा, ओढून कापायचा ड्रॉ गेज घ्यावा, की रापीवरच, म्हणजे चांभाराच्या सुरीवरच भागेल?

रापीवर भागतं. कोल्हापुरी चपलेचा तळ, पट्टे, कान सगळं रापीनंच निघत आलंय. पण तो हात वर्षानुवर्षं बसलेला असतो. नव्या माणसाची रापी सव्वा मीटरच्या पट्ट्यात दोन-तीन ठिकाणी हमखास भरकटते आणि पट्टा कुठे 38 मिलिमीटर, तर कुठे 36 भरतो. बकलातून ओवला की तो फरक लगेच दिसतो.

तरीही पहिला खर्च कटरवर करू नका. आधी दीड मीटरची जाड पोलादी पट्टी घ्या. याचं कारण बहुतेकांना नुकसान झाल्यावरच कळतं. कटर असो की गेज, दोन्ही चामड्याच्या कडेला टेकून चालतात आणि त्या कडेची नक्कल पुढच्या कापात उतरवतात. कड वाकडी असेल तर पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा निघेल, पण निघेल वाकडाच. मग हत्याराला शिव्या बसतात. म्हणून पाठीच्या कण्याच्या बाजूची कड पट्टी लावून आधी सरळ करायची. पट्टीच्या खाली बारीक पॉलिश पेपरची चीर चिकटवली की ती सरकत नाही. सुरी एका दमात आरपार घालू नका. पहिला हात हलका ठेवा, नुसती रेघ पडेल इतका, आणि पुढच्या दोन-तीन हातांत कापा. तीन-चार पट्टे काढल्यावर कड पुन्हा पट्टीवर तपासा, कारण प्रत्येक कापाची बारीकशी चूक पुढच्यात साठत जाते.

पट्टे पाठीतूनच काढायचे. पोटाकडचं चामडं सैल असतं. कापताना ते सरळ दिसतं आणि महिनाभरात ताणून लांबतं.

आता कटर. लाकडी स्ट्रॅप कटर सगळ्यात स्वस्त, आणि पाचपैकी चार जणांना तेवढा पुरतो. मुठीच्या ठोकळ्यातून दोन आडव्या दांड्या जातात, टोकाला दोन्हींच्या मध्ये पातळ पातं असतं आणि चामडं त्या फटीतून सरकतं. साधारण चार इंचांपर्यंत रुंदी मिळते. त्यात दोन गोष्टी जुळवाव्या लागतात. पहिली रुंदी. वरच्या दांडीवरच्या खुणांवर भरवसा ठेवू नका. टाकाऊ तुकड्यावर दोन इंच कापून मोजा आणि मगच स्क्रू आवळा. दुसरी गोष्ट म्हणजे फट, आणि लोक विसरतात ती हीच. चामडं फटीत अडकायला नको आणि खडखडायलाही नको. फट सैल राहिली तर चामडं पात्यापाशी उचललं जातं आणि कड तिरपी कापली जाते. वरून पट्टा 38 चा दिसतो, पण पालथा घातला की 37 भरतो. फट जास्त आवळली तर दाणेदार बाजूवर, म्हणजे चामड्याच्या वरच्या, दर्शनी बाजूवर दांडीचा चट्टा उठतो.

ओढण्याचीही एक रीत आहे. सुरुवातीचा इंचभर काप सुरीनं देऊन ठेवा, म्हणजे पातं अडखळत नाही. दाणेदार बाजू वर ठेवा. डाव्या हातानं चामडं टेबलावर दाबून धरा, उजव्या हातानं कटर आपल्याकडे ओढा. सगळं लक्ष ठोकळा कडेला चिकटून आहे ना, याकडे असू द्या. पात्याकडे बघत बसलात की ठोकळा सुटतो आणि पट्ट्याला पोट येतं. मध्ये थांबायचं झालं तर कटर बाहेर न काढता तसाच ठेवून हात बदला. काढून परत घातला की तिथे पायरी पडते.

लाकडी कटर कुठे हरतो? साधारण चार मिलिमीटरच्या पुढे. पातळ पातं जाड म्हशीच्या चामड्यात वाकतं आणि काप आतल्या आत तिरका होतो. घोड्याचा साज, बैलांचे पट्टे, कुत्र्याचे जाड गळपट्टे करायचे असतील तर ड्रॉ गेज घ्या. त्याचं पातं जाड, पोलादी, आणि हवी तेवढी धार लावता येईल असं असतं. इंग्लंडमधल्या वॉल्सॉलच्या खोगीरवाल्यांकडे याचा चुलतभाऊ असतो, ढकलून चालवायचा प्लाऊ गेज. तो सुरेख कापतो, पण महाग असतो आणि त्याला टेबलाची लांबी लागते. रोज साज करत नसाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

गेजची खरी किंमत धारेत आहे. नव्या पात्याला दुकानातली धार पुरेशी नसते. निसण्यावर लावा, मग चामड्याच्या पट्टीवर हिरवं पॉलिश चोळून पंधरा-वीस हात द्या. खूण सोपी आहे: कापलेली कड चकचकीत दिसली तर धार ठीक. मागच्या बाजूनं रेशे लोंबायला लागले, किंवा ओढताना खांद्यातून जोर लावावा लागला, की थांबा. बोथट पातं जास्त धोकादायक, कारण जोरानं ओढलेला हात अचानक सुटतो.

मऊ क्रोम चामडं, म्हणजे पर्स-जॅकेटचं, या दोन्ही हत्यारांना दाद देत नाही. ते फटीत गोळा होतं, ओढताना ताणतं आणि सोडल्यावर आखडून नागमोडी होतं. त्याला गोल पात्याचा रोटरी कटर, पोलादी पट्टी आणि खाली कटिंग मॅट. मागच्या बाजूला मास्किंग टेप लावून मग कापलं तर ताण निम्म्यावर येतो.

वेणीसाठी बारीक वादी, म्हणजे चामड्याची दोरी, हवी असेल तर सरळ पट्टे कापत बसू नका. चामड्याची गोल चकती घ्या आणि बाहेरून आत गोल फिरत कापा. 15 सेंटिमीटर व्यासाच्या चकतीतून 3 मिलिमीटरची वादी, मधला रुपयाएवढा भाग सोडूनही, पाच मीटरच्या वर निघते. तिला पीळ असतो. ओली करून ताणून वाळवली की तो बराच जातो.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर आणखी एक. पावसाळ्यात लाकडी कटरच्या दांड्या फुगून ठोकळ्यात घट्ट बसतात. ठोकून सरकवू नका, खाच फुटते. दांड्या काढून दोन दिवस कोरड्या जागी ठेवा आणि मेणबत्ती घासून परत घाला. आणि बकल 40 चं असेल तर पट्टा 38 चाच कापा, कडा घासून पॉलिश करण्याआधी तो ओवून बघा.