फूटपट्टीएवढं अंतर

दादा पहिल्यांदा न्यूयॉर्कला निघाला तेव्हा आईने विचारलं, "किती लांब रे?" तो म्हणाला, "साडेपंधरा तास." आईचं समाधान झालं. आमच्या गावाकडेही वाट विचारली की "हे काय, तंबाखू मळून होईस्तोवर पोचाल" असंच उत्तर मिळतं. किलोमीटर ठाऊक फक्त मैलाच्या दगडाला.

मुंबईहून न्यूयॉर्क हवाई अंतराने साधारण १२,५०० किलोमीटर. विमान ताशी नऊशेच्या आसपास उडतं, म्हणजे चौदा तासांत पोचायला हवं. पण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर. शिवाय कुणा देशाचं आकाश विमानांना बंद असलं की वळसा आलाच. वाऱ्याची ही मिजास इतकी, की २०१६ साली एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडे पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट हजाराहून जास्त किलोमीटरने वाढली, वेळ मात्र कमी झाला! घाट सोडून लांबच्या रस्त्याने नेणाऱ्या आमच्या रिक्षावाल्याचं म्हणणं तेव्हा मला पहिल्यांदा पटलं. (डोंबिवलीहून विमानतळ गाठायला लागलेले अडीच तास कुठल्याच तक्त्यात नसतात, हा भाग वेगळा.)

खरा घोळ घड्याळाने घातला. दादाचं विमान रात्री एकला सुटलं. तिथे उतरून त्याने फोन केला, "सकाळचे सात वाजलेत." आईने बोटं मोजली. "सहाच तासांत? मग साडेपंधरा कशाला म्हणालास?" तिच्यासमोर भिंतीवर दुपारचे साडेचार वाजले होते, गॅसवर चहा होता. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे, हे तिला पटेना. त्यातून येताना उलटंच! तिथून दुपारी बाराला निघालेला माणूस चौदा तास उडून इथे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला उतरतो.

शेवटी बाबांनी माझा शाळेतला पृथ्वीगोल काढला. गोल केवढा, तर मोठ्या कलिंगडाएवढा, व्यास तीस सेंटीमीटर. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबला आणि न्यूयॉर्कपर्यंत ताणला. मला वाटलं तो अरबस्तान, आफ्रिका असा आडवा जाईल. तो सरकत सरकत वर चढला, रशियावरून गेला आणि आइसलंडला घासून खाली उतरला. नकाशात सरळ दिसणारी रेघ गोलावर लांबची असते, हे भूगोलाच्या बाईंनी वर्षभर सांगून जमलं नव्हतं.

बाबांनी तेवढाच दोरा फूटपट्टीवर ठेवला. तीस सेंटीमीटर, पट्टीच्या टोकाला टोक.

"एवढंच?" आई म्हणाली, आणि दोरा रिळाला परत गुंडाळून डब्यात ठेवला.